सोनीच्या मानेचा फोटो

९ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच. मी काही बोललो की आईचं ठरलेलं, "तू तितं कच्छात हायस, तुला तितनं काय दिसतंय?" अगं, दिसत नाही म्हणूनच विचारतोय ना. जवळ असतो तर जाऊन बघितलंच असतं. सोनीचं लग्न ठरताना पण असंच. मी म्हटलं होतं, पोरगं डोळ्याला डोळा देत नाही. तेव्हा म्हणे तू लहान हायस, गप बस. आता मी लांब. मोठा आणि जवळचा मी ह्या घरात कधी होणार कुणास ठाऊक.

झालं ते असं. सोनीची मान दुखते म्हणून दाजीनं तिला शनिवारी इंदापूरला दवाखान्यात नेलं. मानेचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या मणक्याला मागच्या अंगाला चीर दिसती, फ्रॅक्चर असेल, बारामतीला जाऊन सीटी स्कॅन करा, तोवर गळ्यात पट्टा घाला. शनिवारी सांगितलं. आज सोमवार. स्कॅन अजून नाही. आणि मला आज कळतंय.

विचारलं, कशानं झालं? आई म्हणाली, झोपेत मान धरली. मग दाजीला फोन लावला तर तो म्हणतो, गोठ्यात घसरली. संध्याकाळी सोनीलाच लावला. ती म्हणाली, वैरणीचा भारा डोक्यावर घेतला तेव्हा कट्टकन आवाज आला.

एका मानेला तीन कारणं.

ड्रिल मशीन ४ तास चालवलं. सोलरच्या खांबांचे खड्डे ३०. सुपरवायझर बोलला. बोलू दे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मामानं इंदापूरच्या फोटोचा मोबाईलवर फोटो पाठवला. खिडकीला धरून काढलाय, मागनं लिंबाचं झाड दिसतंय. मोठा करून बघितला. कवटी, जबडा, दात, आणि खाली मणके एकावर एक. वरच्या मणक्याच्या मागं काळी फट. मला तर सगळंच फटीसारखं दिसायला लागलं.

खोलीतला अस्लम नगरचा. त्यानं बराच वेळ बघितला. म्हणाला, "बांगडी पिचकल्यासारखं दिसतंय भाऊ." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "मला काय कळतंय, मी वेल्डिंगवाला."

दाजीला लावला. हे बोलणं लक्षात राहायला पाहिजे म्हणून लिहून ठेवतो.

"दाजी, स्कॅन कवा?"
"शुक्रवारचा नंबर लावलाय."
"शुक्रवार? मान मोडल्याली असंल तर?"
"चौदा गाया हायत. दोन येळची धार कोण काढणार? तुमी येताय का?"
"येतो."
तिकडं गप्प. मग म्हणाला, "या की. घर तुमचंच हाय."

येतो म्हटल्यावर गप्प का झाला? त्याला वाटलं नव्हतं मी खरंच येईन. उद्या सोनीला माघारी धाडून लग्नात दिलेला हंडा परत करताना पण ह्याचा आवाज असाच सरळ येईल.

सुपरवायझरला सांगितलं, बहिणीची मान मोडली, जातो. पाच दिवसांचा पगार गेला म्हणाला. गेला तर गेला.

११ फेब्रुवारी, बुधवार. गाडीत

भुजवरनं बसलो. खिडकीला जागा मिळाली. बाहेर बघायला काही नाही, मिठाचं रान.

एक गोष्ट लिहायची आहे. दोनदा वही उघडली, दोनदा मिटली.

मी पायाळू. आईच्या पोटातनं पायाकडनं आलो. वडगावात लहानपणापासून कुणाला उसण भरली की मला बोलावणं. माणूस पालथा झोपायचा, मी पाठीला पाय लावायचा. तीनदा. गुण येतो म्हणतात. शाळेतनं उठवून नेलंय मला लोकांनी. मास्तरनं पण स्वतःच्या कमरेला लावून घेतला. आठवीत शाळा सुटली, पण हे सुटलं नाही. गावात अजून मला बघितलं की बायका म्हणतात, बरा आलास, जरा पाय लाव.

एक तारखेला, चुलत भावाच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा, सोनी पण आली होती. मान एका अंगाला धरलेली. हसत म्हणाली, "दादा, पाय दे की मानंवर, लई धरलीया." घोंगडीवर पालथी झोपली. मी नेहमी नुसता टेकवतो. त्या दिवशी सगळे बघत होते, ती म्हणाली, "असा काय मुंगीगत, जोरात दे." मी टाच मानेच्या मागं ठेवली आणि दाबली.

"आई गं" म्हणाली. आणि उठून बसली. मान हलवून दाखवली सगळ्यांना. म्हणाली, सुटली.

ते कट्टकन कुठं वाजलं? भाऱ्याखाली, का माझ्या पायाखाली?

पण ती मान धरूनच आली होती. हे पण खरं आहे. आधीच दुखत होती. कशानं ते मी विचारलंच नाही. पाय लावला आणि जेवायच्या पंगतीत जाऊन बसलो.

मी दाजीवर डोळा ठेवून आहे तो सोनीसाठी, का माझा पाय वाचवायला, हे मलाच सांगता येत नाही. वलसाड आलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुण्यावरनं एसटी, बारामती, तिथनं मामाच्या मोटारसायकलवर सोनीच्या गावाला. इंदापूरच्या पलीकडं, धरणाच्या पाण्याच्या कडेला घर. गोठा घरापेक्षा मोठा.

सोनी दारात आली. गळ्यात पट्टा, वर तोंड. खाली बघता येत नाही तिला, त्यामुळं आपल्याकडं बघताना गर्वानं बघितल्यासारखं वाटतं. म्हणाली, "दादा, आता मी बी कलेक्टरीणगत मान ताठ करून चालती." सगळे हसले. दाजी पण हसला. मी त्याच्याकडंच बघत होतो. जास्त हसला.

मला पट्ट्याखाली बघायचं होतं. वळ, काळं-निळं काही आहे का. म्हटलं, "पट्टा जरा काढ, बघू दे." सासू लगेच म्हणाली, "डॉक्टरनी काढायचा न्हाय सांगितलंय." डॉक्टरनी खरंच सांगितलंय. तरी लगेच का म्हणाली?

चहा. गोड जास्त. दाजी चार शब्द बोलला, त्यातले तीन दुधाच्या फॅटचे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बारामती. स्कॅन सेंटरला मी, सोनी, दाजी, सासू. आई वडगाववरनं एसटीनं आली. बाकड्यावर आम्ही एका टोकाला, ते दुसऱ्या टोकाला, मधी सोनी पट्टा घालून. लग्नाच्या फोटोत बसतात तसं.

मशीनवरच्या पोरानं विचारलं, "ताई, दिवस गेलेत का? पाळी चुकलीय का?" सगळ्यांना विचारतात, भिंतीवर पाटीच आहे. सोनी म्हणाली, नाही. सासूनं तोंड दुसरीकडं केलं. लग्नाला दीड वर्ष झालं. हे पण असेल का घरात? ह्याच्यावरनं?

मग तो म्हणाला, गळ्यातलं कानातलं काढा, फोटोत येतं. सासू म्हणाली, "मंगळसूत्र न्हाय काढत आमच्यात." पोरगा म्हणाला, "आमच्यात काढतात मावशी, न्हायतर फोटोत मान दिसायची न्हाय, मणीच दिसतील." सोनीनं काढलं आणि माझ्या हातात दिलं. दाजी जवळच उभा होता. माझ्या हातात का दिलं? तो मोबाईलवर होता, हे खरं. तरी.

पट्टा काढल्यावर बघितलं. मान गोरी पडलेली, घामोळं आलेलं. वळ नाही. वळ आठ दिवसांत जातो.

अर्ध्या तासानं डॉक्टर मॅडमनी आत बोलावलं. कॉम्प्युटरवर सोनीची मान होती, नुसत्या हाडांची, फिरवली की फिरत होती. सोनी बघून म्हणाली, "अगं बया, मी आतनं लई वाळल्याली हाय."

मॅडमनी समजावलं. लिहून ठेवतो, पुढं कुणी वेगळं सांगायला नको. "हा पहिला मणका. हे एक कडं असतं, डोकं त्याच्यावर टेकलेलं असतं. बाळ पोटात असताना हे कडं दोन्ही बाजूंनी वाढत येतं आणि मागे जुळतं. हिचं जुळलंच नाही. ही फट तिथली. मोडलं असतं तर कडा दातेरी, खडबडीत दिसल्या असत्या. ह्या बघा, गोल आहेत, गुळगुळीत, काठाला पांढरी रेघ आहे. म्हणजे जन्मापासून. काही जणांना असतं, आयुष्यभर कळतही नाही. साध्या फोटोत हीच फट चीर वाटते. इंदापूरच्या डॉक्टरांनी इकडं पाठवलं ते बरंच केलं."

सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. आईनं हात जोडले. दाजीनं पाण्याची बाटली तोंडाला लावली ती संपवूनच खाली ठेवली. कुणी इतकं पाणी कधी पितं? आणि मी पण श्वास सोडला. तो सोनीसाठी नव्हता. पायासाठी होता.

पण मॅडम थांबल्या नव्हत्या. "फट जुनी आहे. दुखणं तर नवं आहे ना? ते कशाचं?" दाजीनं रिकाम्या बाटलीचं झाकण लावलं. "सीटीत हाड दिसतं. आतली शीर, स्नायू, हाडं बांधून ठेवणारे बंध, तिथं मार लागून सूज आलीय का, ते एमआरआयमध्ये दिसतं. आठ-दहा दिवसांत करून घ्या. उशीर झाला की सूज ओसरते, मग काय झालं होतं ते सांगता येत नाही."

मी विचारलं, "मॅडम, असली फट असताना तितं कुणी दाबलं तर?"

"कुणी दाबलं का?"

सगळे माझ्याकडं. दाजी पण.

"न्हाय, असंच विचारलं."

मॅडम म्हणाल्या, "अशा मानेला कुणी दाबू नये, झटका देऊ नये, डोक्यावर ओझं देऊ नये." हे त्यांनी दाजीकडं बघून सांगितलं, का माझ्याकडं, आठवत नाही.

एमआरआय आज होऊ शकत होता. सासू म्हणाली, धारेची येळ झाली. आणि निघालो. मी पण "थांबू" म्हटलं नाही. हे लिहून ठेवतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सासूनं सकाळीच मामाला फोन केला, बसून बोलायचंय म्हणून. गोठ्याच्या पत्र्याखाली बैठक. आमच्याकडनं मामा, आई, मी. त्यांच्याकडनं सासू, दाजी, दाजीचा चुलता तात्या.

कालचा मोठा फोटो, त्याच्यात लहान लहान वीस-पंचवीस फोटो, हातातनं हातात फिरला. तात्यानं उन्हाकडं धरला.

"ह्ये गुडघं हायत काय?"
मामा म्हणाला, "तात्या, उलटं धरलंय."
"उलटं धरलं म्हणून हाड काय बदलतंय व्हय?"

मग सासू मुद्द्यावर आली. "जन्मापासून हाय म्हणत्यात डॉक्टर. आमाला आधी सांगायला पायजे हुतं. लपवून दिली पोरगी."

मामा तापला. "आमाला तरी कुठं म्हाईत? पोरीच्या मानंत वाकून कोण बघतंय?"

तात्या म्हणाला, "गाय घेताना दात बघतो आपण. आता सून घेताना बी फोटू काढायचा म्हणा की."

"आमची पोरगी गाय न्हवं," मी म्हणालो. जरा जोरात गेलं. एक गाय हंबरली खरंच, आणि मामाला हसू आलं, त्यामुळं माझं म्हणणं वाया गेलं.

आई एकदम म्हणाली, "सोनीच्या टायमाला गिराण लागलं हुतं. मी भाजी चिरली का काय, आठवंना." आणि रडायला लागली. ग्रहणात भाजी चिरली म्हणून मणका जुळला नाही, असं तिच्या डोक्यात कालपासून चाललंय. मी म्हटलं, आई असं काय नसतंय. सासू म्हणाली, "नसतंय कसं?" म्हणजे डॉक्टर बोलले ते ह्यांना अर्धंच पाहिजे. जन्मापासून एवढं पाहिजे, पुढचं नको.

गंमत बघा. गेल्या शनिवारी चीर निघाली तेव्हा मी मनात म्हणत होतो, तुम्ही मोडली. आज जन्मापासून निघाली तर ते म्हणतात तुम्ही फसवलं. फोटोत तीच फट.

शेवटी तात्या म्हणाला, पोरगी चांगली हाय, कामाला वाघीण हाय, मिटवा. मिटलं. एमआरआयचं मी काढलं तर दाजी म्हणाला, "मॅडम म्हणल्या ना जन्मापासून हाय. मग आता काय हुडकायचंय?" मामानं मान डोलावली. आईनं पण.

दाजी मोटारसायकल पुसत होता तिथं गेलो. तो वर न बघता म्हणाला, "तुमचा पाय लई गुणाचा म्हणत्यात. कुणाची बी उसण जाती."

एवढंच. हसला नाही, रागावला नाही. फडकं पिळलं.

त्याला माहीत आहे. का नुसतंच बोलला? लग्नात बघायला पन्नास माणसं होती.

१५ फेब्रुवारी, रविवार

शिवरात्र. घरात उपास, सोनीनं साबुदाणा केला होता, तरी सकाळी ती गोठ्यात. पट्टा गळ्यात, हातात पेंडीची पाटी. डोक्यावर नाही, हातात. तेवढं पाळतात. दाजी दूध घालायला गेला होता, सासू देवळात. दुपारी मला निघायचं होतं. म्हटलं, आत्ताच.

"दाजी हात उचलतो का?"
"कुणी सांगितलं?"
"कुणी न्हाय, मी विचारतोय."
"मग विचारू नको."
"लग्नात आलीस तवा मान कशानं धरली हुती?"
"धरली हुती."
"कशानं पण?"

तिनं गायीच्या पाठीवर थाप मारली, तिला बाजूला सरकवलं. पाटी ओतली. मग माझ्याकडं वळली, सगळं अंग वळवून, मान वळत नाही म्हणून.

"दादा, तू मानंवर पाय दिलास ते मी कुणाला सांगितलं न्हाय. डॉक्टरनी विचारलं, कशानं झालं. मी भारा म्हणलं. आत्याबाईनी विचारलं, घसरले म्हणलं. आईला म्हणलं, झोपेत धरली. तुझं नाव निघू न्हाय म्हणून काय काय बोलत बसले मी. आता तू बी गप बस."

पेंडीचा वास नाकात बसलाय.

आता गाडीत बसून विचार करतोय. ती तीन कारणं मी दाजीच्या नावावर धरली होती. ती माझ्यासाठी होती. खरंच? का मला गप्प करायला हेच एक औषध तिला ठाऊक आहे? लहानपणापासून तिला माहीत आहे मला कुठं धरायचं. हात उचलतो का, ह्याचं उत्तर तिनं दिलंच नाही. मी विचारलं एक आणि मिळालं दुसरं. आणि तिनं कुणाला सांगितलं नाही तर दाजी मोटारसायकलपाशी ते बोलला कसा? लग्नात बघणाऱ्यांपैकी कुणी सांगितलं?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साइटवर. मशीन ९ तास. खड्डे ७०.

काम केलं की बरं वाटतं. जमीन कडक आहे, ड्रिल अडकतं, दुसरं काही डोक्यात येत नाही.

मोबाईलमधला तो एक्स-रेचा फोटो काढून टाकला. मग कचऱ्यातनं परत घेतला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आईचा फोन. एमआरआय झाला का, मी. "कशाला आता? मिटलंय की. उगं उकरून काढू नको." तिनं ग्रहणासाठी कुणाला तरी विचारलं, पूजा घातली सोमवारी. ती आता बरी आहे.

मामाला लावला. तो म्हणाला, "भाचे, मॅडमच्या कॉम्प्युटरनं तुझ्या दाजीला सोडलं, आमाला बी सोडलं. कशाला परत आत घालतोस?"

मला बी सोडलं, हे मामाला माहीत नाही. किंवा आहे. ह्या लोकांचं काही सांगता येत नाही.

खरं लिहितो. एमआरआय नको असं दोन दिवस मलाच वाटतंय. नको म्हणणारा दाजी, सासू, मामा, आई, आणि पाचवा मी. दाजीवर संशय घेताना मी हे धरलं होतं की ज्याला नको तो गुन्हेगार. मग आता?

मशीन ८ तास.

२१ फेब्रुवारी, शनिवार

करमाळ्याचा एक पोरगा आहे गँगमध्ये, नवा. केबल ओढताना त्याला उसण भरली. अस्लमनं सांगून टाकलं, आपला भाऊ पायाळू आहे. पोरगा लगेच ताडपत्रीवर पालथा. "दादा, लावा पाय."

मी म्हणालो, न्हाय लावणार.

"का वो? पैसे घेता का?"

सगळे हसले. मी म्हणालो, डॉक्टरकडं जा. तो म्हणाला, "पाठीला कसला डॉक्टर?" वाकडा वाकडा उठून गेला. जेवताना माझ्या शेजारी बसला नाही. अस्लम म्हणाला, "नुसता टेकवायचा होता यार." त्याला काय सांगू. त्या पोराच्या पाठीत काय जुळलंय आणि काय नाही, ते त्याच्या आईला तरी माहीत आहे का?

२२ फेब्रुवारी, रविवार

सोनीचा फोन. तिनं स्वतः केला. नेहमी मिस कॉल देते, आज पूर्ण लावला.

"मान आता बरी हाय दादा. पट्टा काढला."
"मॅडमनी सांगितलं का काढायला?"
"न्हाय. गरम हुतंय."
"रात्री झोप लागती का?"
"लागती की." मग म्हणाली, "डाव्या हाताला मुंग्या येत्यात जरा. धार काढताना. जरा येळानं जात्यात."

मागं दाजीचा आवाज. काय म्हणाला कळलं नाही. ती म्हणाली, "ठिवते."

मुंग्या. हे मॅडमनी विचारलं होतं त्या दिवशी, हाताला मुंग्या येतात का. तेव्हा ती नाही म्हणाली होती. तेव्हा येत नव्हत्या, का तेव्हा पण खोटं?

ती ठिवते म्हणाली ते दाजीनं ठेवायला लावलं म्हणून, का मी पुढं विचारीन म्हणून?

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज दहावा दिवस. मॅडम आठ-दहा म्हणाल्या होत्या.

मशीन बंद ठेवलं, पाइप फुटला सांगितलं. गाडीच्या सावलीत बसून बारामतीला सेंटरला फोन लावला. बाई म्हणाली, मॅडम रिपोर्ट लिहितायत. मी म्हटलं, थांबतो. बराच वेळ गाणं वाजलं. मग मॅडम आल्या.

म्हटलं, "मॅडम, तेरा तारखेला मानेची फट दाखवली होती, ती माझी बहीण. त्या दिवशी मी विचारलं होतं, दाबलं तर. मीच दाबलं होतं. मी पायाळू आहे. टाच ठेवली."

मला वाटलं होतं तशा त्या काही ओरडल्या नाहीत. "कधी?"
"एक तारखेला."
"आधी दुखत होतं तिला?"
"व्हय. आधीच धरली होती. कशानं ते सांगत न्हाय ती."
"आणि आता?"
"डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणाली काल."
त्या म्हणाल्या, "दोन्ही लिहून ठेवते. तिला उद्याच पाठवा. पट्टा घालून. आणि तिला मी एकटीला आत घेईन, बरोबर कोणीही असलं तरी."

"सूज अजून दिसंल का?"
"असेल तर दिसू शकेल. आधी येऊ तर दे."

दिसली तरी ती माझ्या पायाची का दाजीच्या हाताची, हे फोटो सांगणार नाही. एवढं मला कळतंय. पण त्या तिला एकटीला आत घेणार आहेत.

मग सोनीला. तिसऱ्यांदा लावल्यावर उचलला.

"मी मॅडमला सांगितलं, पाय दिल्याचं. आता माझ्यासाठी तुला कुणाला काय म्हणायची गरज न्हाय. तुझं तू सांग. न्हायतर नको सांगू. पण उद्या जा."

मागं गायींचा आवाज. माणसाचा आवाज नव्हता, मी कान लावून ऐकलं.

"कुणासंगं जाऊ?"
"आईला बारामतीच्या स्टँडवर उभी करतो सकाळी नऊला. तितपर्यंत तू ये."
"ह्यास्नी काय सांगू?"
"मुंग्या येत्यात सांग. खरंच येत्यात की."
"बघते," म्हणाली. सोनीचं बघते म्हणजे हो पण असतं, नाही पण. लहानपणी आंब्याच्या झाडावर चढायचं का विचारलं तरी बघते म्हणायची.

आईला लावला. तिला एवढंच सांगितलं, हाताला मुंग्या येतात, उद्या स्टँडवर जा. "आता आणि काय काढलंस?" म्हणाली. पण किती वाजता, ते विचारलं.

सोनीचं कॉलेजच्या वेळचं बँकेतलं खातं अजून चालू आहे, तिच्याच मोबाईलला जोडलेलं. घरात कुणाला माहीत आहे, कुणाला नाही, ते मला माहीत नाही. पैसे दाजीच्या नंबरवर न पाठवता तिथं पाठवतोय. सेंटरच्या बाईनं एमआरआयचे सहा हजार सांगितले. इंदापूर-बारामती एसटीला बायकांना अर्धं तिकीट, तेवढ्याला कितीसे लागणार. पण बारामतीवरनं माघारी इंदापूरला जायचं, का आईबरोबर पुढं वडगावला, हे तिनं स्टँडवर उभं राहून ठरवावं. म्हणून वर जरा टाकतोय. कशाचे ते लिहायच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

साडेसहा हजार.